झऱ्यावरचा राब

सूर्यमाळच्या बाजूला डोंगरात एक पाडा आहे. तिथपर्यंत रस्ता न्यायचं काम नव्वदीच्या शेवटी माझ्या गळ्यात पडलं. पालघर जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आम्ही सगळे ठाण्याचेच. मी बांधकाम खात्यात नवी लागलेली कनिष्ठ अभियंता, मोखाड्यात भाड्याची एक खोली, आणि स्वभाव असा की महिन्याभरात अख्ख्या बाजाराला माहीत झालं, ही बाई रागीट आहे. माझं घर निफाडकडचं. आमच्याकडे रस्ता म्हणजे सपाट जमिनीवर अंथरलेली खडी आणि वर डांबर. डोंगर कापून रस्ता काढला तर कापलेला डोंगर ठेवायचा कुठे, हा प्रश्न मला नोकरी लागेपर्यंत कधी पडलाच नव्हता.

प्रश्न साधा नाही. रस्ता पूर्ण झाला की लोकांना रस्ता दिसतो, त्यातून निघालेला मुरूम आणि दगड कुणाला दिसत नाही. तो जातो खाली. कापायचं आणि उतारावर ढकलून द्यायचं, ही सोपी रीत. मग पावसाळा येतो आणि तो माल घेऊन आणखी खाली जातो, भाताच्या खाचरांत पसरवतो, ओहोळ बुजवतो. खाली राहणारा माणूस सकाळी उठून बघतो तर आवणाच्या, म्हणजे लावलेल्या भाताच्या, जागी लाल चिखल. अंदाजपत्रकात याबद्दल एक वाक्य असायचं, की निघालेल्या मालाची योग्य ती विल्हेवाट लावावी. योग्य म्हणजे काय ते ज्याचं त्याने ठरवायचं.

मला ते ठरवायला लागलं एका झऱ्यामुळे. रेषा आखायला आम्ही मेमध्ये गेलो होतो. रस्त्याची रेषा पाड्याच्या अलीकडे एका वळणावरून जात होती आणि त्या वळणाच्या बरोबर खाली, करवंदीच्या जाळीत, दगडांनी बांधलेला एक खड्डा होता. त्यात पाणी झिरपत होतं. भोवती हंडे मांडलेले, आणि एक बाई खड्ड्यात उतरून वाटीने पाणी हंड्यात भरत होती. वाटी भरायची, थांबायचं, पुन्हा पाणी साचायची वाट बघायची. असं करत हंडा भरायला किती वेळ लागतो ते मी बघत उभी राहिले आणि मलाच धाप लागली.

त्या बाईला मी पुढे मावशी म्हणायला लागले. ती आम्हा सगळ्यांना सरसकट ‘तू’ म्हणायची, आमच्या साहेबांनासुद्धा. पावसाळा संपला की बाकीच्यांबरोबर तीही भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, आणि भट्टीवर ओझी वाहून वाहून तिचा एक गुडघा कामातून गेला होता. उन्हाळ्यात दुसरं पाणी कुठे आहे, असं मी विचारलं तेव्हा तिने समोरच्या डोंगरापलीकडे हात केला.

“तठं आहा. पन माझ्यानं पोचवत नाय. हा झरा गेला का मी गेले.”

हे तिने अगदी सहज सांगितलं आणि वाटी बुडवायला लागली. मला मात्र ते सहज घेता येईना. माझ्या हातातल्या नकाशात ते वळण होतं, आणि त्या वळणावर जितका डोंगर कापायचा होता तो ढकलला असता तर त्या झऱ्याचं नावनिशाण उरलं नसतं.

दिवाळीनंतर काम सुरू झालं आणि त्याबरोबर माझं ठेकेदाराशी भांडण सुरू झालं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला डोझर चालवण्याची घाई होती आणि मला तो थांबवण्याची. मी म्हणाले, या वळणावरचा माल खाली जाणार नाही. उचलून पुढच्या सपाटीवर नेऊन टाका. तो म्हणाला, बाई, डोंगरात माल खालीच जातो, वर कुठे जाणार? चार-सहा दिवस आमची बोलणी बंद होती. मधल्या मध्ये त्याच्या मुकादमाचे हाल झाले, बिचारा माझा निरोप त्याला आणि त्याचा निरोप मला असा डोंगर चढत-उतरत होता. शेवटी अर्धा माल सपाटीवर न्यायचा आणि अर्धा वळणाच्या कडेलाच ढिगारा घालून ठेवायचा, असं ठरलं. यापेक्षा जास्त मला काही मिळवता आलं नाही.

आता त्या ढिगाऱ्याखाली उतार, आणि उताराखाली झरा. पावसात ढिगारा वाहू नये म्हणून पुढे काहीतरी आडवं हवं होतं. काँक्रीटची भिंत मागितली असती तर साहेब जव्हारहून हसतच आले असते. मग मला एक युक्ती सुचली आणि ती सुचल्यावर मी स्वतःवर भलतीच खूष झाले. रस्त्याच्या रेषेतली झाडं परवानगीने तोडली होती. लाकूड वन खात्याच्या डेपोत गेलं होतं, पण फांद्या, डहाळ्या, पाला तसाच पडून होता. खोडाळ्याकडची मजुरांची टोळी कामावर होती. त्यांच्याकडून मी तो सगळा पालापाचोळा ढिगाऱ्याखाली उतारावर आडवा अंथरून घेतला. खाली जाड फांद्या, वर बारीक डहाळ्या, मधल्या फटींत सुकलेलं गवत, त्यावर पसरलेली माती, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दगड. पाणी त्यातून झिरपून जाईल आणि गाळ अडकून राहील, असा हिशेब. पावसाच्या आधी याच्या खालच्या बाजूला रोपं लावायची आहेत, असं मी पाड्याच्या कारभाऱ्यालाही सांगून ठेवलं. हा कारभारी म्हणजे पाड्यातला वडीलधारा माणूस. त्याने मान डोलावली आणि पट्ट्याकडे फार कौतुकाने बघितलं. मला वाटलं, याला माझं काम कळलं.

वैशाखात माझ्या भावाचं लग्न निघालं. मी रजा टाकून निफाडला गेले. तोवर भट्टीवरून माणसं परत आली होती, पाडा भरला होता. लग्न, पूजा, पाहुणे असं सगळं आटपून मी परत आले आणि खोडाळ्याहून जीप मिळेल तिथपर्यंत जीपने, पुढे पायी, अशी कामावर निघाले. वळणाच्या अलीकडूनच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. उतार वेगळा दिसत होता. आणखी जवळ गेले तेव्हा कळलं. जिथे माझा फांद्यांचा पट्टा होता तिथे एक लांबच लांब काळी पट्टी होती. राख. नुसती राख, तीही अगदी एकसारखी, इकडे-तिकडे एक काडीसुद्धा शिल्लक नाही.

मला वाटलं वणवा लागला. पण आजूबाजूचं गवत जसंच्या तसं होतं. वणवा असा पट्टी आखून लागत नाही. तेवढ्यात खालून मावशी लंगडत वर आली. तिच्या मागे कारभारी, आणि आणखी पाच-सात माणसं. सगळ्यांचे चेहरे हसरे.

“आलीस बाई? तुझा पन भाजला ना आमी!” मावशी म्हणाली.

“काय भाजला?”

“राब. तू नवती हितं. आख्ख्या पाड्याचा भाजला, तुझा एकटीचा ठेवायचा? वाईट दिसतं ते.”

राब म्हणजे काय, ते या बाजूच्या वाचकाला सांगायला नको, पण मी निफाडची. मला ते त्या दिवशी, त्या राखेसमोर उभं राहून शिकावं लागलं. भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पेरायची असते त्या जागेवर उन्हाळ्यात फांद्या, पाला, गवत यांचे थर घालतात, वर माती पसरतात आणि पेटवून देतात. मग पाऊस पडला की त्या राखेत बी टाकायचं, रोप जोमाने येतं. नागलीसाठी तर उतारावरच राब घालतात. थोडक्यात, मी खात्याच्या कामावर, खात्याच्या मजुरांकडून, खाली जाड फांद्या आणि वर माती असा अगदी रीतसर राब घालून घेतला होता. वर कारभाऱ्याला सांगून गेले होते की इथे रोपं लावायची आहेत. आणि मग ऐन भाजणीच्या दिवसांत गायब झाले होते. बाईला भावाच्या लग्नाला जावं लागलं, तिचा राब कोण भाजणार, म्हणून पाड्याने माझ्यावर उपकार केले होते. वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवून, आग बाहेर जाऊ नये म्हणून हातात हिरव्या फांद्या घेऊन उभं राहून, दुपारभर उन्हात.

मी ओरडले. खूप ओरडले. एवढी मेहनत, एवढं भांडण, आणि यांनी काडी लावली! ते सगळे शांतपणे ऐकत होते आणि कुणाच्याही चेहऱ्यावर अपराधी भाव नव्हता, नुसता गोंधळ होता. कारभारी हळूच म्हणाला, “पन बाई, तूच बोललीस रोपां लावायची. राब भाजल्याबिगर रोप येल कसा?”

आजही मला वाटतं की चूक त्यांची नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझीही नव्हती. असला पट्टा बघून त्या पाड्यातल्या कुणालाही दुसरं काही सुचलंच नसतं. माझा राग ओसरायला लागला आणि त्या जागी हसू यायला लागलं. पण वर नजर गेली आणि हसू थांबलं. ढिगारा तसाच होता, आता पुढे आडवं काहीही नसलेला. मी मावशीला हाताला धरून वळणावर नेलं आणि मुरमाची एक ओंजळ उतारावर सोडली. तो घरंगळत, राखेवरून धुरळा उडवत, करवंदीच्या जाळीपर्यंत गेला. मावशी त्या मुरमाकडे आणि मग खाली झऱ्याकडे बघत राहिली.

“मंग आता?” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

फांद्या पुन्हा आणायच्या कुठून? होता नव्हता तो पाला सगळ्यांच्या राबात गेला होता आणि नव्या फांद्या तोडायला मी जीव गेला तरी सांगितलं नसतं. उरला दगड. दगडाला तोटा नव्हता, डोंगर कापून आम्ही तो ढिगाने काढला होता. ढिगाऱ्याच्या पायथ्याला दगडाचा गडगा, म्हणजे नुसते दगड रचलेली बुटकी भिंत, घालायचा, असं ठरलं. मी ठेकेदाराकडे गेले आणि म्हणाले, मोठे दगड तेवढे डोझरने कडेला आणून द्या. तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, “राब तुमचा, भाजला त्यांनी, आणि दगड आणू मी?” पण त्याने डोझर दिला. पहारी आणि घमेलीही दिली. त्या दिवसापासून माझा त्याच्यावरचा राग बराच कमी झाला, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

पाडा राबला. कुणाला बोलवावं लागलं नाही, आणि पेरणीच्या तयारीचे दिवस असूनही माणसं सकाळीच वळणावर हजर असायची. माझी आणि कारभाऱ्याची रोज जुंपायची. मी म्हणायचे, दगडांत फटी ठेवा, नाहीतर मागे पाणी तुंबून गडगाच ढासळेल. तो म्हणायचा, फटी ठेवल्या तर मुरूम त्यांतूनच जाईल, मग गडगा कशाला? दोघंही बरोबर होतो, म्हणून भांडण मिटत नव्हतं. शेवटी फटी ठेवायच्या आणि मागच्या अंगाला फोडलेली खडी भरायची, असं झालं. खडी फोडायला मावशी बसली. तिला दगड उचलता येत नव्हते, पण हातोडी आणि तोंड दोन्ही चालत होतं. कोण वाकडा दगड लावतो, कोण नुसताच उभा राहतो, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं ती सांगायची.

गडगा होत आला तेव्हा तिने आणखी एक विषय काढला. राब भाजलाय, तो रिकामा ठेवायचा नाही. रिकामा राब वाईट. मी म्हणाले, मावशी, ही रस्त्याची जागा आहे, सरकारी आहे, इथे नागली कसली पेरतेस? तिने माझ्याकडे असं बघितलं की माझी मलाच लाज वाटली. सरकारी जागेत राब घातला कुणी? मी डोळेझाक केली. तिने घरची नागली आणून त्या काळ्या पट्ट्यात फेकली.

पाऊस आला, आणि आला तो धो धो. मोखाड्यातून वर जाणं बंद झालं, वाटेत झाड आडवं, कुठे ओढा रस्त्यावरून. मी खोलीत बसून कौलावरचा आवाज ऐकायची आणि माझ्या डोळ्यांसमोर तो ढिगारा हलायचा. जेवण जाईना. शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, अहो, रस्ता खचला तर खचला, पुढच्या वर्षी दुरुस्तीत निघेल. त्यांना कसं सांगू की रस्त्याचं मला काहीच वाटत नव्हतं? रस्ता दुरुस्त करता येतो. झरा दुरुस्त करायचं कलम कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं.

उघडीप मिळाली तशी निघाले. वाट चिखलाने भरलेली, चपला हातात घेऊन गेले. वळणावर पोचले आणि आधी खाली बघायचं धाडसच होईना. मग बघितलं. गडग्याच्या मागे लाल गाळ जवळजवळ काठापर्यंत चढला होता. एका जागी गडगा पोट काढून पुढे आला होता, पण उभा होता. आणि त्याच्या खाली, जिथे मी राख बघून ओरडले होते, तिथे दाट हिरवीगार नागली उभी होती. गडग्याच्या फटींतून आलेला थोडा गाळ तिच्या मुळांशी थबकला होता. करवंदीच्या जाळीत झऱ्याचा खड्डा काठोकाठ भरलेला, वर नितळ पाणी, काठाला बोटभर लाल साय. मी तिथेच ओल्या दगडावर बसले. मला इतकं हलकं वाटलं की हसावं की रडावं कळेना, म्हणून थोडं थोडं दोन्ही केलं.

मावशी आली ती रोपं उपटायलाच. नागलीची रोपं लावणीला तयार झाली होती. मी आडवी आले, म्हणाले, उपटू नकोस, मुळांनी माती धरलीय. ती म्हणाली, “उपटायची नाय तर पेरली कशाला?” पुन्हा वाद. शेवटी विरळणी करावी तशी मधून मधून उपटायची, असा समझोता झाला. पाणी गडग्याने वाचवलं की नागलीने, यावर पाड्यात पुढेही बरीच चर्चा झाली. मी गडग्याच्या बाजूची आहे, मावशी नागलीच्या.

पण माझी भीती पूर्ण गेली नव्हती. पावसाळ्यात डोंगरातला कुठलाही खड्डा भरलेला असतो. वर इतका डोंगर कापला, सुरुंग लावले. आत कुठेतरी पाण्याची वाट मोडली असेल तर ते आता दिसणार नव्हतं, वैशाखात दिसणार होतं. तो हिवाळा मी दुसऱ्या कामांत घालवला, खडीकरण, मोऱ्या, बिलं. पण कुठेही असले तरी वैशाख किती लांब आहे, याचा अंदाज मनात चालूच असायचा. दिवाळीनंतर पाडा पुन्हा रिकामा झाला, माणसं भट्टीवर गेली. झऱ्यावर भांडायला कुणी नव्हतं, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं.

उन्हाळ्यात जीप आता थेट पाड्यापर्यंत जाऊ लागली होती. माणसं परतली असं कानावर आलं आणि मी निघाले. वळणावर उतरले. सगळा डोंगर वाळून पिवळा पडलेला, झाडांना पानं नाहीत. खाली जाळीतून आवाज येत होते. बायकांचे, चढ्या सुरातले. मी धडपडत उतार उतरले.

खड्ड्याभोवती हंडे मांडलेले होते आणि कडाक्याचं भांडण पेटलं होतं. कुणीतरी सकाळीच रिकामा हंडा ठेवून नंबर धरला होता आणि स्वतः गायब झाली होती. आता ती परत येऊन म्हणत होती की माझा नंबर. मावशी खड्ड्याच्या काठावर बसून तिची खरडपट्टी काढत होती. खाली पाड्यातली एक सून वाटीने पाणी भरत होती. वाटी भरली की थांबत होती, पाणी साचायची वाट बघत होती.

“मावशी,” मी मध्येच विचारलं, “पाणी कमी झालंय का?”

मावशी वैतागून माझ्याकडे वळली. “कमी म्हंजे? कमीच आहा. जास्त कदी होता?”

“पहिल्यापेक्षा?”

“पहिल्यासारखाच. तवा पन आमाला असाच मारत होता, आता पन असाच मारतो.” आणि तिने तोंड फिरवून भांडण जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा धरलं.

आयुष्यात मी पुष्कळ भांडणं ऐकली, बरीच स्वतः केली, पण इतकं गोड भांडण ऐकल्याचं मला आठवत नाही. झरा आटला असता तर त्या बायका भांडल्या नसत्या. हंडे घेऊन मुकाट्याने डोंगरापलीकडे चालायला लागल्या असत्या, आणि मावशी घरी बसली असती. घशाला कोरड पडली होती. मी बाटली पुढे करून म्हणाले, मला थोडं पाणी भरून द्या.

“नंबर लाव,” मावशी म्हणाली, मान न वळवता.

मी बाटली शेवटच्या हंड्यामागे ठेवली आणि सावली बघून बसले. मला काही घाई नव्हती.